तुम्ही विचारलंत म्हणून: मॅनिंगचा हात नव्हे, पाय

प्रश्न ठरलेला असतो. अमेरिकन फुटबॉलमधल्या डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, पेटन मॅनिंग 2013 मध्ये 55 टचडाऊन (थेट गुण मिळवून देणारे पास) फेकून 2015 मध्ये 9 वर कसा आला, आणि दोष कुणाचा? त्याचा, प्रशिक्षक गॅरी क्युबियॅकचा, की संघ बांधणाऱ्या जॉन एल्वेचा? विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं आणि त्याला माझी फक्त मान हलायला हवी असते. तरी तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

‘त्याचा हात गेला’ हे नेहमीचं उत्तर मला मान्य नाही. हात 2011 मध्येच गेला होता. मानेच्या शस्त्रक्रियांनंतर उजव्या हाताचा ट्रायसेप्स पूर्ववत झाला नाही, बोटांच्या टोकांची संवेदना परतली नाही. फेकायच्या हातात घालायचा तो हातमोजा काही शोभेचा नव्हता. आणि त्याच हातानं 2013 मध्ये पासांचे 5,477 यार्ड निघाले. म्हणजे ताकद दुसरीकडून येत होती, आणि ती पायांतून येत होती. उजव्या हातानं फेकणारा क्वार्टरबॅक मागच्या उजव्या पायानं रेटा देतो, डावा पाय पुढे रोवतो, त्या पायाभोवती कंबर फिरते, मग खांदा आणि सगळ्यात शेवटी हात. शेवटचा दुवा कच्चा असेल तर आधीचे सगळे चोख लागतात. डिसेंबर 2014 मध्ये उजव्या मांडीचा स्नायू दुखावला, रेटा गेला. पुढच्या मोसमात डाव्या तळव्याचा प्लँटार फॅशिया (टाचेपासून बोटांकडे जाणारा जाड पट्टा) दुखावला, पाय रोवणं गेलं. साखळीची दोन्ही टोकं वर्षभरात निखळली.

पुढचा पाय रोवता आला नाही की दोनच गोष्टी होतात. वजन मागे राहतं आणि चेंडू रिसीव्हरच्या, म्हणजे झेलणाऱ्याच्या, डोक्यावरून तरंगत जातो, किंवा सगळा जोर हातावर येतो आणि चेंडू उशिरा पोचतो. उशीर सगळ्यात महाग पडतो तो आऊट रूटवर, म्हणजे रिसीव्हर सरळ धावून बाहेरच्या रेषेकडे वळतो तेव्हा. समजा चेंडू मैदानाच्या एका बाजूच्या हॅशवर (मधल्या पट्ट्याच्या कडेच्या खुणेवर) आहे, रिसीव्हर 12 यार्ड धावून विरुद्ध बाजूच्या रेषेकडे वळतो आणि क्वार्टरबॅक शॉटगन पद्धतीत आधीच 7 यार्ड मागे उभा आहे. कागदावर हा 12 यार्डांचा पास, पण हवेतलं अंतर 33 यार्डांच्या आसपास भरतं. रिसीव्हरवर पाळत ठेवणाऱ्या कॉर्नरबॅकला चेंडू पळवायला तेवढा वेळ पुरतो. मॅनिंगचा अंदाज बरोबर असायचा, वेळही बरोबर असायची, फक्त चेंडू त्याच्या अंदाजाच्या वेगानं जात नव्हता. 2013 मध्ये 659 फेकींत 10 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं झेललेले पास), 2015 मध्ये 331 फेकींत 17. डोकं तेच होतं. म्हणूनच बघवत नव्हतं.

आता क्युबियॅक. त्या मोसमात मी त्यालाच झोडपायचे आणि त्यातलं थोडं आजही मागे घेत नाही. त्याची पद्धत अंडर सेंटर, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या अगदी पाठीशी उभं राहायची: हातात स्नॅप (सेंटरनं दिलेला चेंडू) घ्यायचा, पाठ फिरवून चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकला तो दिल्याचं भासवायचं, मग बूटलेगवर एका बाजूला पळत फेकायचं. मॅनिंगचं सगळं भांडवल बचावफळीकडे बघत राहण्यात, आणि हा त्याला पाठ फिरवायला सांगणार! शिवाय अंडर सेंटर म्हणजे प्रत्येक पासला तीन, पाच किंवा सात पावलं मागे आणि मग पाय रोवून थांबणं. नेमका दुखरा पाय. मधला मार्ग म्हणून पिस्टल आणलं, म्हणजे क्वार्टरबॅक थोडा मागे आणि रनिंग बॅक त्याच्या पाठीशी. तडजोडीसारखीच ती दिसली, धड याची नाही धड त्याची नाही.

पण तेव्हाच्या माझ्या रागाला एक गोष्ट सुचली नव्हती. ही पद्धत एल्वेनं, तो स्वतः डेन्व्हरचा क्वार्टरबॅक असताना, स्वतःवर वापरलेली होती. 1997 आणि 1998 चे मोसम, वय 37–38, धावायला टेरेल डेव्हिस, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रशिक्षक) हाच क्युबियॅक, आणि दोन सुपर बोल, म्हणजे दोन विजेतेपदं. म्हाताऱ्या क्वार्टरबॅकचा भार हलका करायचा हे औषध एल्वेच्या अंगाला लागलं होतं, म्हणून त्यानं तेच 39 वर्षांच्या मॅनिंगला दिलं. वेडगळपणा नव्हता तो. फक्त एल्वे बूटलेगवर पळू शकायचा आणि मॅनिंग उमेदीतही कधी पळणारा नव्हता. त्याला वाचवणारी समोरची फळीही विस्कटलेली होती: लेफ्ट टॅकल रायन क्लेडी मोसमाआधीच गुडघ्यानं बाद, ऑर्लँडो फ्रँकलिन सॅन डिएगोला, टाइट एंड ज्युलियस थॉमस जॅक्सनव्हिलला गेलेला.

तरीही मला खरा हिशेब मागायचा आहे तो एका दिवसाचा. 15 नोव्हेंबर 2015, डेन्व्हरमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध. आधीच्या रविवारी इंडियानापोलिसकडून हार झाली होती, पाय आणि बरगड्या दुखत होत्या, हे संघाला ठाऊक होतं. ब्रेट फार्वचा कारकिर्दीतल्या पासांचा 71,838 यार्डांचा विक्रम मोडायला 3 यार्ड हवे होते. पहिल्याच क्वार्टरमध्ये रॉनी हिलमनला 4 यार्डांचा पास गेला आणि विक्रम झाला. सचिनचं शंभरावं शतक आणि मीरपूरची हार एकाच दिवशी पाहिलेल्यांना ही चव माहीत आहे. पण सचिननं त्या दिवशी 114 तरी केल्या होत्या. मॅनिंगचा दिवस 20 पैकी 5 पास, 35 यार्ड, 4 इंटरसेप्शन इथे संपला, तिसऱ्या क्वार्टरमध्ये राखीव क्वार्टरबॅक ब्रॉक ऑस्वायलर आत आला.

पासर रेटिंग, म्हणजे फेकणाऱ्याचा गुणांक, 0.0. हा आकडा किती अवघड आहे ते बघा. सूत्राचे चार भाग आहेत आणि चारही वेगवेगळे शून्यावर आणावे लागतात. अचूकता 30 टक्के किंवा खाली, त्याची 25. दर फेकीमागे 3 यार्ड किंवा खाली, त्याचे पावणेदोन. टचडाऊन एकही नाही. आणि शंभर फेकींमागे साडेनऊ किंवा जास्त इंटरसेप्शन, त्याची 20. वीसच्या वीस चेंडू जमिनीवर आपटले असते तरी रेटिंग 39.6 निघालं असतं.

सामन्यानंतर क्युबियॅकनं दोष स्वतःवर घेतला, त्याला खेळवायलाच नको होतं म्हणाला. बरोबर. पण मॅनिंगनं ‘मी खेळतो’ म्हटल्यावर त्याला नाही कोण म्हणणार होतं? त्या संघात अधिकार कुणाचा, हे त्या आठवड्यापर्यंत कुणी ठरवलंच नव्हतं. इथे मी मॅनिंगलाही सोडत नाही. आपला तळवा कसा आहे ते आकडे बघून कळत नाही, ते फक्त त्यालाच कळत होतं. तरी उतरला. आणि हे लिहिताना मला हेही दिसतं की वेदना असताना न उतरणारा माणूस 2011 नंतर मैदानावर परत आलाच नसता. मग कुठली जिद्द चांगली आणि कुठली वाईट, ते निकालावरून ठरवायचं? मी तेव्हा ठरवलं होतं. आता तेवढी खात्री नाही.

‘मग त्याच मोसमाचा सुपर बोल कसा जिंकला?’ हा पुढचा प्रश्न. बचावाचा प्रशिक्षक वेड फिलिप्सच्या फळीनं जिंकला. कॅरोलायनाविरुद्ध 24–10, त्यात ब्रॉन्कोजच्या आक्रमणाचे मिळून 194 यार्ड, मॅनिंगचे 23 पैकी 13 पास आणि 141 यार्ड, सामनावीर बचावपटू व्हॉन मिलर. पण जानेवारीपासूनच्या तिन्ही बाद सामन्यांत मिळून मॅनिंगचं इंटरसेप्शन एकच. लांबचे आऊट रूट कमी, संशय आला की चेंडू बाहेर, नाहीतर सॅक (चेंडूसकट पाडलं जाणं) पत्करायचा. 17 इंटरसेप्शनवाल्या माणसाला हे आधीच का जमलं नाही, असं विचाराल तर पाय बरा व्हायला मधले आठवडे मिळाले होते. ऑस्वायलरनं सात सामन्यांत सुरुवात केली, शेवटच्यात सॅन डिएगोविरुद्ध मॅनिंग मधूनच परतला.

ते आठवडे मिळाले कसे, तेही बघा. 15 नोव्हेंबरला त्यानं 20 पैकी 12 पास, एक टचडाऊन, एक इंटरसेप्शन असा बेताचा खेळ केला असता, तर पुढच्या रविवारी शिकागोत तोच उतरला असता. त्याच तळव्यावर.