स्वीडनच्या रानात रायफलची दुर्बीण निवडताना

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकार जवळजवळ बंद झाली आणि हाका, मचाण हे शब्द आपल्याकडे जुन्या गोष्टींपुरते उरले. मी राहतो त्या दक्षिण स्वीडनमधील स्मोलँड प्रांतात मात्र ऑक्टोबरचा दुसरा सोमवार उजाडला, की माणसे मूसच्या हाक्यासाठी रानात उतरतात. मूस म्हणजे घोड्याएवढे थोराड हरीण. १९८५ पासून येथे नव्या शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यात रायफल चालवण्याइतकाच भर जनावराला तडफडत न ठेवण्यावर असतो. म्हणूनच, रायफलवर कोणती दुर्बीण बसवावी हा प्रश्न मला केवळ हौसेचा वाटत नाही.

गावाकडचे मित्र विचारतात, तुझी दुर्बीण किती पट मोठे दाखवते? माझ्या मते विचारायला हवे ते हे, की ती कमीत कमी किती पटीवर आणता येते.

हाक्यात नेमबाज नेमून दिलेल्या जागी उभा असतो, कुत्रे आणि हाकारे रान उठवत येतात, आणि जनावर स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या दाटीतून एखाद्या मोकळ्या पट्ट्यात काही क्षणच दिसते. अंतर बहुधा शंभर मीटरच्या आत, पुष्कळदा पन्नासच्याही आत असते. बारा पटीवर ठेवलेली दुर्बीण १०० मीटरवर जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचा भाग दाखवते. ५० मीटरवर तो पावणेदोन मीटरच उरतो, आणि मूसचे धड त्याहून लांब असल्यामुळे भिंगात नुसते तपकिरी केस दिसतात, खांदा कोणता आणि पोट कोणते ते उमगत नाही. एक ते सहा पटीची, २४ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण सर्वांत खालच्या पटीवर ठेवली, तर १०० मीटरवर पस्तीस ते चाळीस मीटरचा पट्टा दिसतो. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. मादीच्या मागे पिल्लू आहे का, गोळीच्या रेषेत कुत्रा किंवा हाकारा आहे का, हे नेम धरतानाच कळते. जखमी जनावर निसटले, तर दोन तासांच्या आत माग काढणारा शिकवलेला कुत्रा तेथे पोहोचलाच पाहिजे असा येथील नियम आहे. पण मुळात ती वेळच येऊ नये, यासाठी हे रुंद दृश्य लागते. मोठे करून न दाखवणारी, केवळ लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साधने येथे फार वापरली जातात, तीही याच कारणाने. १९७५ मध्ये असे पहिले साधन बाजारात आणणारी एमपॉइंट ही कंपनी माल्मोचीच आहे.

ओटच्या शेताकडेला मचाणावर बसून रानडुकराची वाट पाहायची असेल, तर सगळेच बदलते. जनावर सावकाश चरत असते, घाई नसते, कमी पडतो तो उजेड. येथे एक साधा भागाकार उपयोगी पडतो: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. आठ पटीला ५६ मिलिमीटरचे भिंग सात मिलिमीटरचा झोत देते. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण तेवढी उघडते, परंतु पन्नाशी ओलांडलेल्याची बहुधा पाचच्या आसपास थांबते, आणि उरलेला प्रकाश वाया जातो. अशा माणसाला त्याच पटीला ४२ मिलिमीटरचे, हलके आणि नळीजवळ खाली बसणारे भिंग जवळजवळ तितकेच चालते. मोठ्या भिंगासाठी दुर्बीण उंच बसवावी लागते, मग गाल दस्त्यावर नीट टेकत नाही आणि दरवेळी डोळा निराळ्या जागी येतो. हा तोटा दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली सर्व दुर्बिणी सारख्याच चांगल्या वाटतात. मी विक्रेत्याला विनंती करून संध्याकाळी मागच्या आवारात दोन दुर्बिणी शेजारी शेजारी ठेवून झाडीच्या बुंध्यांकडे पाहिले, तेव्हा एकीत फांद्या सुट्या दिसत होत्या आणि दुसरीत त्याच जागी राखाडी डाग होता. दुर्बिणीत नेमासाठी दिसणारा प्रकाशित ठिपका किती मंद करता येतो, हेही अंधार पडल्यावरच तपासावे. ठिपका भडक असला, तर काळे डुक्कर त्याच्या मागे हरवते.

उत्तरेकडे हिवाळ्यात स्कीवरून फिरत पाइनच्या शेंड्यांवर बसलेल्या रानकोंबड्यांची शिकार होते. तेथे लक्ष्य लहान, अंतर दीडशे-दोनशे मीटरचे, आणि म्हणून सोळा किंवा अधिक पट खरोखर कामी येते. हाकाच करणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

डोळा आणि मागचे भिंग यांत सुमारे नऊ सेंटीमीटर अंतर राहिले पाहिजे, नाहीतर गोळी सुटतानाच्या झटक्यासरशी भुवई फुटते. हे अंतर जाड कोट घालूनच मोजावे, कारण ऑक्टोबरमध्ये रायफल कोटावरच टेकते.

हाका आणि मचाण दोन्ही करणाऱ्यांनी पटकन निघणाऱ्या पकडींवर दोन दुर्बिणी ठेवाव्यात आणि दर हंगामापूर्वी दोन्हींनी कागदावर गोळ्या झाडून नेम तपासावा. एकच परवडत असेल, तर दीड-दोन ते दहा पटीची, ४२ मिलिमीटर भिंगाची घ्यावी, आणि हाक्याच्या जागेवर उभे राहताच पटीचे कडे सर्वांत खालच्या आकड्यावर फिरवावे.