गाडीच्या एसीचं फ्लशिंग: नवा कॉम्प्रेसर बसवण्याआधी हे वाचा

एप्रिलमध्ये गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, जाम झाला. नागपुरात एप्रिलमध्ये एसीशिवाय दुपारी गाडी चालवणं काय असतं, हे विदर्भातल्या कुणाला समजावून सांगायची गरज नाही. वर्कशॉपमध्ये गाडी दिली, नवा कॉम्प्रेसर बसला, गॅस भरला, गाडी थंडगार होऊन घरी आली. नवतपा लागायच्या आधीच बोनेटखालून पुन्हा तीच खरखर सुरू झाली आणि व्हेंटमधून गरम हवा.

त्यावर काउंटरवर जे उत्तर मिळालं, त्याचा राग अजून गेलेला नाही. "सर, सिस्टीममध्ये कचरा होता. कचऱ्यामुळे गेलेला कॉम्प्रेसर वॉरंटीत बसत नाही."

मी विचारलं, कचरा आला कुठून? म्हणे, जुन्या कॉम्प्रेसरचा. मग जुना काढला तेव्हा तो कचरा का काढला नाही? यावर सल्लागार साहेब कॉम्प्युटरकडे बघत राहिले. जे साफ करणं त्यांचं काम होतं, तेच न झाल्याचं कारण दाखवून ते मला नव्या कॉम्प्रेसरचं बिल लावत होते.

इथे आधी यंत्राचं समजून घ्या, म्हणजे काउंटरवर बोलता येतं. कॉम्प्रेसर घासत जाम होतो तेव्हा त्याच्या आतल्या धातूचा बारीक चुरा तेलात मिसळतो आणि गॅसबरोबर पुढे कंडेन्सरमध्ये, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीत जातो. काही चुरा ओल शोषणाऱ्या ड्रायरमध्ये अडतो, काही एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणाऱ्या झडपेच्या, बारीक भोकात. उरलेला कूलिंग कॉइलमधून फिरून सक्शनच्या पाइपाने परत कॉम्प्रेसरमध्ये. म्हणजे नव्याकोऱ्या कॉम्प्रेसरच्या तोंडात पहिल्या दिवसापासून जुन्याचा कीस. फ्लशिंग, म्हणजे द्रावण घालून पाइप आणि कॉइल आतून धुणं, करायचं ते यासाठी.

"आम्ही व्हॅक्यूम केलं होतं," असंही मला ऐकवण्यात आलं. व्हॅक्यूम पंप पाइपातली हवा काढतो आणि ओल काढतो. दाब इतका उतरतो की आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होतं. धातूचा चुरा त्याने निघत नाही. हे वाक्य मला त्या काउंटरवर वेगवेगळ्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मॅनेजर बाहेर आहेत, कंपनीचा माणूस बघायला येईल, तोपर्यंत गाडी इथेच राहू द्या, उद्या फोन करतो. फोन माझ्याकडूनच व्हायचा. बाहेर पंचेचाळीस अंश आणि गाडी त्यांच्या शेडमध्ये उभी.

शेवटी दोन गोष्टी कामी आल्या. पहिली, त्यांचंच जुनं बिल. त्यावर कॉम्प्रेसर, गॅस आणि मजुरी, एवढंच. ड्रायर नाही, ओ-रिंग नाहीत, तेल नाही, फ्लशिंग नाही. सिस्टीम उघडली की ड्रायर बदलायचाच असतो, कारण आतले ओल शोषणारे दाणे हवेतलीच ओल पिऊन भरून जातात. तो न बदलता कॉम्प्रेसर बसवला, याचा पुरावा त्यांच्याच कागदावर छापलेला होता. दुसरी, मी आग्रह धरून एक्सपान्शन व्हॉल्व्ह माझ्यासमोर उघडायला लावला. आत करडा, चकाकणारा गाळ. त्याचा फोटो आणि बिलाचा फोटो जोडून मॅनेजरला लेखी दिलं. तोंडी भांडण्यात घालवलेला सगळा वेळ वाया गेला होता. लेखी दिल्यावर कॉम्प्रेसर मिळाला. अट एकच, फ्लशिंगचं आणि ड्रायरचं बिल जोडायचं.

आणि फ्लशिंगची सोय त्यांच्याकडे नव्हती! आतल्या एका पोराने सुचवलं, "काका, पेट्रोल मारून हवा देतो, साफ होऊन जाईल." तो मनापासून मदतच करत होता, पण मी ठाम नाही म्हटलं आणि तुम्हीही म्हणा. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागे असते. त्यात राहिलेलं पेट्रोल किंवा थिनर म्हणजे आगीचा धोका, शिवाय रबराच्या ओ-रिंग खराब आणि कॉम्प्रेसरचं तेल पातळ. तो जी हवा देणार होता त्या टायर भरायच्या हवेत पाणी असतं, आणि या सिस्टीममधलं पॅग तेल, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल, ओल झपाट्याने शोषतं.

कॉम्प्रेसर घेऊन मी फक्त गाड्यांच्या एसीचंच काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. पुढचं काम सुरळीत झालं. त्याने आधी मशीनने जुना गॅस काढून घेतला, हवेत सोडला नाही. एसीतला हा गॅस, आर-१३४ए, ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त वाईट आहे, त्यामुळे "सोडून देऊ" म्हणणाऱ्याला थांबवा. कॉम्प्रेसर, ड्रायर आणि व्हॉल्व्ह बाजूला काढले. यांच्यातून फ्लशिंगचं द्रावण कधीच घालायचं नाही. कॉइल आणि पाइप वेगवेगळे, गॅस वाहतो त्याच्या उलट दिशेने धुतले, बाहेर येणारं द्रावण पांढऱ्या फडक्यावर घेऊन. ते स्वच्छ येईपर्यंत त्याने थांबवलं नाही. मग रेग्युलेटर लावलेल्या सिलिंडरमधून कोरडा नायट्रोजन. ऑक्सिजन चुकूनही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

कंडेन्सर मात्र नवा घ्यावा लागला. हल्लीच्या कंडेन्सरमध्ये चपट्या, केसासारख्या बारीक वाटा शेजारी शेजारी असतात. द्रावण मोकळ्या वाटेने निघून जातं आणि तुंबलेली तुंबलेलीच राहते. खर्च लागला, पण त्याचं म्हणणं मला पटलं.

द्रावण कोणतं, हे विचारा. पूर्वी सर्रास १४१-बी नावाचं रसायन वापरायचे. ते ओझोनला मारक असल्याने भारताने १ जानेवारी २०२० पासून त्याच्या आयातीचे परवाने बंद केले. एसीसाठीच बनवलेलं, मागे काही न ठेवता उडून जाणारं द्रावण हवं. काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. आर-१३४ए उणे २६ अंशांवर उकळतो, उडाला तर कातडी गोठते; आणि ज्वाळेशी आला तर विषारी वायू होतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको.

फ्लशिंगमध्ये जुनं तेल सगळं निघून जातं, हे लक्षात ठेवा. त्यामुळे तेल पूर्ण मापाने भरावं लागतं, पण नव्या कॉम्प्रेसरमध्ये कंपनीने किती भरून दिलंय ते वजा करून. गॅस वजनावर भरायचा, आकडा बोनेटखालच्या स्टिकरवर असतो. माझ्या गाडीचा स्टिकर पुसट झाला होता, म्हणून मॅन्युअल सोबत नेलं. नुसतं गेज बघून "अंदाजे" भरू देऊ नका. व्हॅक्यूम निदान अर्धा तास, नंतर पंप बंद करून काटा जागचा हलत नाही ना ते बघायचं.

बिलावर फ्लशिंग, ड्रायर, ओ-रिंग, तेल, गॅसचं वजन, प्रत्येक ओळ वेगळी लिहून घेतली. तो "एसी काम" एवढंच लिहीत होता. मी कॉम्प्रेसरची अट दाखवल्यावर लगेच नीट लिहून दिलं. आणि हो, गॅस भरल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. त्याने आधी कॉम्प्रेसरचा पुढचा भाग हाताने बऱ्याच वेळा फिरवला, म्हणजे आत साचलेलं तेल पुढे सरकतं आणि पहिल्याच फेरीत कॉम्प्रेसर अडत नाही. मग इंजिन संथ ठेवून एसी चालू केला.