स्टीफन किंग आणि अंथरुणाला खिळलेली माणसं

आमच्या घरात अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगचे चार वाचक आहेत आणि चौघांचं आवडतं पुस्तक वेगळं आहे. एकत्र जमलो की बोलणं कुठूनही सुरू होवो, तासाभरात ते किंगवर येतं आणि मग आवाज चढतात.

नवरा 'इट'वाला. नारायण धारपांची 'लुचाई' वाचून तो ती ज्यावर बेतलीय त्या 'सेलम्स लॉट'कडे गेला आणि तिथून जो किंगच्या नादी लागला तो लागलाच. 'इट' १९८६ चं, अकराशे पानांच्या वरचं. त्यातलं डेरी हे गाव किंगने मेन राज्यातल्या बँगोरवरून उभं केलं, तिथली उंच पाण्याची टाकीसुद्धा खरीच आहे, हे तो दर वेळी नव्याने शोध लागल्यासारखं सांगतो. त्यातली मुलं अप्रतिम आहेत, मान्य. पण शेवटी कासव आणि कोळी सुरू झाले की मला जांभया येतात. हे मी बोलून दाखवलं की तो गप्प बसतो, म्हणजे चिडतो.

जाऊबाईंचं 'द स्टँड'. तेही १९९० चं पूर्ण पुस्तकच वाचायचं, असा त्यांचा दंडक. १९७८ मध्ये जाडी आणि किंमत वाढते म्हणून प्रकाशकाने जवळजवळ चारशे पानं कापायला लावली होती, ती किंगने बारा वर्षांनी परत घातली. तापाच्या साथीत जग संपतं तो सुरुवातीचा एक तृतीयांश भाग मलाही फार आवडतो. पुढे सज्जन एका गावात आणि दुर्जन लास व्हेगासमध्ये अशी वाटणी झाली की माझं मन त्यातून उडतं. खुद्द किंगही लिहिताना मध्येच अडकला होता आणि गोष्टीत बॉम्ब फोडून सुटला, हे त्यानेच लिहून ठेवलंय.

भाचा कॉलेजात आहे. त्याचं 'द लाँग वॉक', जे १९७९ मध्ये रिचर्ड बाकमन या टोपणनावाने आलं. शंभर मुलं चालतात, ताशी चार मैलांच्या खाली यायचं नाही, तीन ताकिदी मिळतात आणि मग गोळी. किंगने हे स्वतः कॉलेजात असताना लिहिलं होतं, 'कॅरी' या छापून आलेल्या पहिल्या कादंबरीच्या कितीतरी आधी. "म्हणजे मामी, लिहायला लागला तेव्हाच तो सर्वोत्तम होता, नंतर नुसता लांबत गेला," हे भाच्याचं मत. वय आहे, बोलू दे.

आणि माझं 'डोलोरेस क्लेबॉर्न'. त्यावर तिघंही एका सुरात म्हणतात, ते हॉररच नाही.

मी नर्स आहे. नोकरीची बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात गेली, आता नाइट कमी असतात. किंगची पुस्तकं मी बहुतेक त्याच रात्रींच्या जोरावर वाचली, आणि बाकीच्यांना जिथे भूत दिसतं तिथे मला आधी पलंग दिसतो. कोण आडवं आहे, कोण उभं आहे, औषधाची बाटली कुणाच्या हातात आहे. असं बघायला लागलं की कळतं, या माणसाने आजाऱ्याच्या खोलीवर जेवढं लिहिलंय तेवढं भुतांवरही नसेल.

'मिझरी'च घ्या. १९८७ चं. पॉल शेल्डन हा लेखक अपघातात दोन्ही पाय मोडून पडलाय आणि त्याला उचलून घरी नेणारी अ‍ॅनी विल्क्स एकेकाळची नर्स आहे. सगळ्यांना आठवते ती कुऱ्हाड. सिनेमात तिच्या जागी हातोडा आला, त्यामुळे पुष्कळांना हातोडाच आठवतो. मला सुरुवातीची पानं जास्त बोचतात. समुद्रकिनाऱ्यावर रुतलेले मोडके खांब भरतीत झाकले जातात आणि ओहोटीला उघडे पडतात, तशी पॉलची वेदना आहे. गोळी लागू पडली की भरती, उतरली की ओहोटी. डोस उतरायच्या वेळी पेशंटचा चेहरा कसा होतो ते मी रोज बघते. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून तो घड्याळाकडेच बघत असतो. पुढे अ‍ॅनी त्याला गोळ्या गिळायला फरशी पुसलेल्या बादलीतलं पाणी देते आणि तो पितो. कुऱ्हाडीआधीच, त्या बादलीपाशी, तो माणूस तिच्या ताब्यात गेलेला आहे.

अ‍ॅनी म्हणजे आपलं कोकेनचं व्यसन, असं किंगने नंतर सांगितलं. असेल. पण मला ती एक अतिशय टापटीप, आज्ञा मोडलेली न खपणारी सिस्टर वाटते. अशा बायका मी पाहिल्यात. कुऱ्हाड नव्हती त्यांच्याकडे, पण बेल वाजवली म्हणून पेशंटला मुद्दाम ताटकळत ठेवणाऱ्या होत्या. पेशंट त्यांच्याशी किती गोड बोलायचे! पॉल अ‍ॅनीशी बोलतो अगदी तसंच.

'पेट सेमेटरी'बद्दल आमच्यात भांडण नाही, चौघंही घाबरतो. किंग स्वतःच घाबरला होता. मेनमधल्याच ऑरिंग्टनमध्ये भाड्याच्या घरात राहत असताना समोरच्या रस्त्यावर ट्रकखाली मुलीचं मांजर गेलं, धाकटा मुलगाही एकदा त्याच रस्त्याकडे धावत सुटला होता, आणि त्यातून आलेलं हे लिखाण त्याने खणात टाकून दिलं. जुन्या प्रकाशकाचं एक पुस्तक देणं लागत होता म्हणून ते १९८३ मध्ये बाहेर आलं. सगळे मेलेल्या मुलाबद्दल बोलतात. मी झेल्डाबद्दल बोलते. नायकाची बायको रेचल, तिची ही थोरली बहीण, पाठीच्या कण्याच्या मेनिंजायटिसने वाकडीतिकडी झालेली. आईवडिलांनी तिला मागच्या खोलीत ठेवलंय, कुणाला दिसू नये अशी. ती जाते तेव्हा घरात एकटी आठ वर्षांची रेचल असते. ती ओरडत बाहेर पळते, शेजाऱ्यांना वाटतं रडतेय, आणि मोठेपणी ती नवऱ्याला सांगते की कदाचित मी हसत होते.

ती दोन-चार पानं नर्सिंगच्या अभ्यासक्रमात लावायला हवीत. पेशंट गेल्यावर व्हरांड्यात येऊन सुटकेचा श्वास सोडणारे नातेवाईक, आणि आपण तो सोडला हे कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून लगेच आजूबाजूला बघणारे. त्यांना काय म्हणायचं असतं हे कुणी शिकवत नाही. पुस्तकात झेल्डाचं नंतर भूत होतं आणि मला त्याची गरज वाटत नाही, पण नवरा म्हणतो की ते भूत म्हणजे रेचलचा अपराधीपणाच आहे. इथे त्याचं बरोबर असावं.

आता 'डोलोरेस'. १९९२ चं पुस्तक, प्रकरणं नाहीत, एकच बाई पोलीस ठाण्यात बसून बोलत सुटते. (पुढे गोष्ट थोडी फुटेल. ज्यांना वाचायचंय त्यांनी हा भाग सोडून द्या.) लिटल टॉल नावाच्या बेटावरची ही बाई व्हेरा डोनोव्हन या श्रीमंत बाईकडे आयुष्यभर घरकाम करते आणि शेवटी तिची सेवाही करते. व्हेरा मेलीय, संशय डोलोरेसवर आहे. डोलोरेस म्हणते, हिला मी मारलं नाही, पण नवऱ्याला मारलं, आणि का ते ऐका. २० जुलै १९६३ चं खग्रास सूर्यग्रहण, विहीर, मुलीवर हात टाकणारा बाप, हा सगळा मधला भाग जबरदस्त आहेच. ते ग्रहण मेनमधून खरोखर दिसलं होतं. त्याच ग्रहणाखाली 'जेराल्ड्स गेम'मधल्या पोरीचीही गोष्ट घडते, दोन्ही पुस्तकं एकाच वर्षी आली.

पण मी पुन्हा पुन्हा उघडते ती म्हाताऱ्या व्हेराची पानं. पक्षाघाताचे झटके येऊन गेलेली, पडून असलेली, तरी मालकीण. तिच्या हातात आता काहीच उरलेलं नाही, एक सोडून. कधी शी करायची ते ती ठरवू शकते. मग ती बेडपॅन आणला की काही करत नाही, आणि डोलोरेस दुसऱ्या कामात गुंतलेली नेमकी वेळ साधून सगळा पलंग भरवते. डोलोरेस वेळ बदलते, व्हेरा पुन्हा वेळ हेरते. हे युद्ध किंगने इतक्या बारकाईने आणि इतक्या हसत लिहिलंय की वाचताना मला वाटलं, या माणसाने कुणाचं तरी अंथरूण नक्की बदललंय. डोलोरेस चिडते, शिव्या घालते, धुते, पुसते, कूस बदलते. आणि रात्री व्हेरा पलंगाखालच्या धुळीच्या गोळ्यांना घाबरून किंचाळायला लागली की धावत जाऊन तिच्याजवळ झोपते. सेवा करणारं माणूस प्रेमळ असतं किंवा क्रूर असतं, असं पुस्तकांत नेहमी असतं. प्रत्यक्षात एकाच रात्रीत दोन्ही असतं. किंगला ते माहीत आहे.

आणि माहीत का आहे तेही सापडतं. पुस्तक त्याने आईला, रूथला, अर्पण केलंय. वडील सिगारेटी आणायला म्हणून बाहेर पडले ते परत आले नाहीत, दोन मुलं तिच्या पदरात. पुढे बहिणींनी तिला मेनमधल्या डरहममध्ये म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा करायला आणून ठेवलं. नंतर तिने मतिमंदांसाठीच्या संस्थेत नोकरी केली. 'कॅरी' १९७४ मध्ये छापून येण्याआधीच ती कॅन्सरने गेली. 'नाइट शिफ्ट' या कथासंग्रहात 'द वुमन इन द रूम' ही कथा आहे, तिच्यात भूत नाही, काही नाही. वेदना थांबवायचं ऑपरेशन झालेली आई, आणि घरातल्या गोळ्या हातात घेऊन बसलेला मुलगा. दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँटने त्यावर छोटा सिनेमा केला होता, त्याच्या 'शॉशँक रिडेम्प्शन' या गाजलेल्या सिनेमाच्या दहा-अकरा वर्षं आधी. किंग नवख्या दिग्दर्शकांना एका डॉलरला कथा द्यायचा, त्यातलाच हा.

'ग्रॅम्मा' कथेत पुन्हा तेच, पडून असलेली आजी आणि तिच्याजवळ एकटा ठेवलेला मुलगा. ही मात्र पुरती भुताची आहे. भाच्याला मी हीच दिली होती. "आजी उठली तेव्हा वाचणं थांबवलं," म्हणाला. ती उठायच्या आधीची पानं जास्त भीतीदायक आहेत असं माझं म्हणणं. मुलगा दाराबाहेर उभा आहे, आतून श्वासाचा आवाज येत होता, तो आता येत नाही, आणि जाऊन बघावं लागणार आहे. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही विद्यार्थिनीला विचारा.

१९ जून १९९९ ला किंग स्वतःच आडवा झाला. रस्त्याच्या कडेने चालताना व्हॅनने उडवलं. पाय नऊ ठिकाणी मोडला, फुप्फुस कोलमडलं, पाय कापावा का यावर डॉक्टरांचा विचार चालला होता. पाच आठवड्यांनी बायकोने घरात टेबल मांडून दिलं आणि तो पुन्हा लिहायला बसला. त्या दुखण्यात हाताने लिहिलेलं 'ड्रीमकॅचर' त्याला स्वतःलाच आवडत नाही, वेदनाशामकांच्या अंमलाखाली लिहिलं म्हणतो. वाचताना ते कळतंही. पण २००८ चं 'ड्युमा की' वाचा. क्रेनखाली हात आणि डोकं चिरडलेला एडगर, साधा शब्द आठवत नाही म्हणून बायकोवर धावून जाणारा. डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या बायका आम्हाला विचारतात, हे असे नव्हते हो, आता असेच राहणार का? त्या प्रश्नाचं पूर्वार्धात इतकं खरं चित्र आहे की उत्तरार्धातली समुद्राची भानगड मी माफ करते.

'द ग्रीन माइल' मला आवडत नाही हे आमच्याकडे पाप समजलं जातं. नवऱ्याचे डोळे भरून येतात त्यात. हात लावला आणि रोग गेला हे मला फार सोपं वाटतं, आणि तो रोग काढून घेणारा माणूस इतका भाबडा लिहिलाय की अवघडायला होतं. लघवीला आग होणारा तुरुंगातला पहारेकरी मात्र अस्सल आहे, तेवढी पानं मी कुणालाही वाचून दाखवीन. 'डॉक्टर स्लीप'चंही तसंच. लांबलचक पाठलाग सोडा, मरणाऱ्यांच्या संस्थेत रात्रपाळी करणारा डॅन आणि कुणाची वेळ आलीय ते ओळखून त्याच पलंगावर जाऊन बसणारं मांजर, एवढंच पुस्तक असतं तर मी त्याला 'डोलोरेस'च्या शेजारी ठेवलं असतं.

"मग तुला किंग आवडतच नाही, तुला त्याच्या पुस्तकांतलं हॉस्पिटल आवडतं," असं नवऱ्याने मध्ये ऐकवलं. मी म्हटलं, 'इट'मधल्या त्या राक्षसी विदूषकाला मी कधी भेटणार नाही. व्हेरा डोनोव्हनला दर आठवड्याला भेटते.

जाऊबाईंनी अखेर 'डोलोरेस' वाचायला नेलंय. त्यात व्हेराचा एक छळवादी नियम आहे, वाळत घातलेल्या चादरीला सहा चिमटे लावायचे, चार नाहीत, आणि थंडीने बोटं बधिर झाली तरी वरून बघत ओरडायचं. निम्म्यावर आल्यावर जाऊबाईंचा फोन आला. म्हणाल्या, बाकी बाई कशीही असू दे, सहाच लागतात, तिचं काही चुकलं नाही. सगळं वाचून झाल्यावर त्या कुणाच्या बाजूने असतील कोण जाणे. लागलीच 'मिझरी'ही मागितलंय, पण ते मी आत्ता देणार नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि नंतर बघायला मीच असणार आहे.