आमची वाटचाल : एक बटण पण बसवून देतो

लातुरात लॅपटॉप रिपेरिंगची दुकानं आता गल्लोगल्ली झालीत, पण कीबोर्डचं एकच बटण निघालं असंल तर लोक आजही आमच्याकडंच पाठवतात, आणि हे नाव आम्हाला कुणी फुकटात दिलेलं नाही. 2009 ला गंजगोलाईजवळच्या एका बोळीत मी आणि माझा आत्येभाऊ, आम्ही दोघांनी सुरू केलं. पहिली वर्षं नीट गेली, त्याचं काय सांगायचं. सांगायचंय ते 2018 चं.

त्या साली आमच्या अगदी समोर एक मोठं दुकान उघडलं. काचेचं दार, एसी, टोकन सिस्टीम. तिथं कुणी लूज झालेलं बटण घेऊन गेलं की एकच उत्तर, "सर, हे रिपेअर होत नसतंय, फुल कीबोर्ड टाकावा लागंल." गिऱ्हाईकाला वाटायचं एवढं मोठं दुकान सांगतंय तर खरंच असंल. धंदा सगळेच करतात, त्याचं मला काही नाही, पण त्यांनी गावभर काय उठवलं तर समोरचे बटणं फेविक्विकनं चिकटवतात. ही गोष्ट मला आजपण सहन होत नाही. ज्याला कीबोर्ड कळतो त्याला माहितंय की फेविक्विकचा एक थेंब जरी क्लिपच्या सांध्यात गेला तर ती क्लिप कायमची जाम, बटण खालीवर होणारच नाही. आमच्या टेबलावर ती ट्यूब कधी आलीच नाही.

बटण म्हणजे वरची कॅप, तिच्याखाली एकमेकांत अडकलेल्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांची क्लिप, मधी रबराची वाटी, आणि खाली पत्र्याचे बारीक हूक. आधी भिंगातून बघायचं की नेमकं गेलंय काय. क्लिप तुटली असंल तर त्याच मॉडेलच्या भंगार कीबोर्डची काढायची. आधी क्लिप हुकात बसवायची, आडवी पाडायची, मग कॅप वर ठेवून आधी एक बाजू सरकवायची आणि मग दुसरी बोटानं दाबायची, टक असा आवाज आला की बसलं. एंटर, शिफ्ट, स्पेसला खाली तार असते, तिची टोकं पहिले अडकवायची. पत्र्याचा हूकच मोडला असंल तर मात्र आम्ही तोंडावर सांगतो की बाबा आता कीबोर्ड बदल. भंगार कीबोर्ड आम्ही कधीच फेकत नाही, एचपी, डेल, लेनोवो, एसर सगळ्यांचे डबे वेगळे, कारण एकाची क्लिप दुसऱ्याला बसत नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची पण बऱ्याचदा बसत नाही.

तर त्या अफवेनं आम्ही पार खाली बसलो. एका कॉलेजचं मेंटेनन्सचं काम हातातून गेलं, भाडं थकलं, घरातलं सोनं बँकेत गेलं. आत्येभाऊ पुण्याला नोकरीला लागला, त्याला दोष देत नाही, त्याची लेकरं लहान होती.

त्या दिवसात एक माणूस टिकून राहिला, औशाचे सेवा केंद्रवाले मामा. तहसीलच्या कामाची टायपिंग ते इन्स्क्रिप्टमधी, म्हणजे मराठी अक्षरं कुठल्या बटणावर येतात त्या एका ठरलेल्या मांडणीत करतात, आणि इन्स्क्रिप्टमधी हलंत म्हणजे पाय मोडायचं चिन्ह डी वर असतं. त्यांचं डी उडालं आणि जोडाक्षरच उमटंना, प्रतिज्ञापत्र कसं टाईप करणार? समोरच्यांनी फुल कीबोर्ड सांगितला, तो पण बाहेरून मागवून आठवड्यानं. मामा रस्ता ओलांडून आमच्याकडं आले. मी डब्यातनं क्लिप काढली, मामांचा चहा संपायच्या आत बटण बसलं. मामा म्हणाले, "आरं, एवढ्यासाठी कामून लोकाला लुटतेत?" तेव्हापासून औसा, निलंगा, कुठलाही केंद्रवाला असो, मामांनी आमच्याकडंच धाडला. 2023 ला एक रुपयात पीकविमा निघाला तेव्हा जुलैमधी केंद्रांवर तोबा गर्दी, अशात कुणाचं बटण गेलं तर तो रात्री फोन करायचा आणि आम्ही शटर वर करायचो.

2020 च्या लॉकडाऊननंतर ऑनलाईन क्लासमुळं पोरांचे जुनेपाने लॅपटॉप निघाले आणि आमची गाडी परत रुळावर आली.

आता जरा सांगतोच. मिक्सरसारखा लॅपटॉप कुठंबी ठेवू नका. डाळमिलच्या आजूबाजूला राहणाऱ्यांनी तर काम झालं की झाकण बंद करा, ती बारीक भुकटी बटणाखाली बसती आणि बटण अर्धंच दबतं. अशा वेळी नखानं उचकू नका, निम्म्या क्लिपा नखानंच तुटतेत. लॅपटॉप तिरका धरून ब्लोअर मारा, तरी नाही झालं तर आणा. चहा सांडला तर लगेच बंद करा, चार्जर काढा, तांदळात ठेवू नका, सरळ घेऊन या. एका लाईनीतली दोन-तीन बटणं एकदम बंद पडली तर ते बहुतेक क्लिपचं नसतं, खालच्या मेम्ब्रेनचा, म्हणजे बटणांखालच्या पातळ प्लास्टिकच्या पडद्याचा, ट्रॅक गेलेला असतो, तिथं मीपण कीबोर्डच सांगंल.

बऱ्याच नव्या लॅपटॉपात कीबोर्ड वरच्या पॅनेलला प्लास्टिकच्या रिवेटनं दाबलेला येतो, स्क्रू नाहीत, म्हणून बदलायचा खर्च अजून वाढला. त्यामुळं एक बटण वाचवणं आता आधीपेक्षा जास्त गरजेचं झालंय. बटण निघालं तर कॅप, क्लिपचे तुकडे, रबर, जे सापडंल ते कागदाच्या पुडीत बांधून आणा. रबर हरवू नका, बाकीचं आमच्या डब्यात बहुतेक निघतं.