बाहेरची

बुधवार, रात्री उशिरा

रोटेशनसाठी, म्हणजे वॉर्डात पेशंट तपासत शिकण्यासाठी, केलेल्या अर्जावर सकाळी हॉस्पिटलची मेल आली. तीनच ओळी. 'बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी सध्या जागा उपलब्ध नाही.' नाही म्हणणार हे मी धरूनच चालले होते, तेव्हा नकाराचं काही नाही. पण तो 'बाहेरच्या' दिवसभर दातात अडकलाय. जीभ सारखी तिथेच जाते.

घरापासून चालत बारा मिनिटं. माझे टॉन्सिल तिथे काढलेत. आजी तिथेच... असो.

त्यांची चूक नाही. माझ्या कॉलेजचा त्या हॉस्पिटलशी करार नाही. कराराशिवाय मला पेशंटला हात लावू दिला आणि उद्या काही झालं, तर विमा कोणाचा, जबाबदारी कोणाची? करार करायचा तर दोन्हीकडचे वकील कामाला लावायचे. एका मुलीच्या बारा आठवड्यांच्या मेडिसिनच्या रोटेशनसाठी हा उपद्व्याप कोण करेल? शिवाय तिथल्याच कॉलेजच्या मुलांचा हक्क पहिला. हे सगळं कळतं. तरी बाहेरची!

ऑफिसातल्या मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, ऑब्झर्व्हर म्हणून या हवं तर. म्हणजे कोपऱ्यात उभं राहून बघायचं. हिस्टरी घ्यायची नाही, तपासायचं नाही. कॉलेज ते धरत नाही. आणि उद्या लायसन्ससाठी कुठला विषय, कुठल्या हॉस्पिटलात, किती आठवडे हे एकेक भरताना 'कोपऱ्यात उभी होते' कुठल्या रकान्यात लिहू?

अर्जात मी लिहिलं होतं की ज्या लोकांत पुढे काम करायचं त्यांच्यातच शिकायचंय. खोटं नाही ते. कॉलेज आहे तिकडच्या भाषेत 'कुठे दुखतं' हे मी अस्खलित विचारते, पण उत्तर आलं की निम्मं निसटतं. 'कसंतरीच होतंय' याला तिकडे काय म्हणतात ते तीन वर्षांत मला सापडलेलं नाही. पण बाबांच्या त्या रिपोर्टनंतर मला रोज रात्री घरी जेवायला यायचं होतं, हे काही अर्जात लिहिता येत नाही. ताई म्हणते, तू घाबरलीस. (ताईला सगळ्यांचं सगळं आधीच कळलेलं असतं.) घाबरले असेन. मग?

बाहेरची म्हणे.

आता राहिलं ते गाडीने दीड तासावरचं हॉस्पिटल. तिथे करार आहे, म्हणून कागदही आहेत: बीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचं प्रमाणपत्र), गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, टीबीची टेस्ट, हिपॅटायटिस बीचा टायटर, म्हणजे लशीने रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या तो आकडा. टायटर 10 च्या वर लागतो. माझा आला 7. तिन्ही डोस वेळेवर घेऊन 7! म्हणजे आता बूस्टर, मग एक-दोन महिन्यांनी परत रक्त द्यायचं. सर्जरीआधी मेडिसिन करायचं ठरवलं होतं, ते बहुतेक उलटंच होणार. आतून-बाहेरून कुठूनच आपण पुरेसे नाही, हे लॅबनेही लिहून दिलं. वाचून रडू यायला हवं होतं, हसूच आलं.

टीबीची टेस्ट मात्र सोमवारी त्या बारा मिनिटांवरच्या हॉस्पिटलातच करून घेतली होती. पेशंट म्हणून कोण अडवतंय! 48 ते 72 तासांत दाखवायची असते म्हणून आज संध्याकाळी गेले. सिस्टरने हात उजेडात धरला, टोचलेल्या जागेवरून बोट फिरवलं, पारदर्शक पट्टी ठेवली. "लाली मोजायची नसते, फुगवटा मोजायचा," म्हणाल्या. मला माहीत होतं. तरी मान डोलावली. 0 मिमी लिहिलं आणि विचारलं, "कशासाठी हवंय?"

"रोटेशनसाठी."

"कुठे?"

सांगितलं.

"अगं, एवढ्या लांब? इथेच ये की, घराजवळ पडेल."

मी काहीच बोलले नाही. बूस्टरसाठी शनिवारची वेळ घेतली. काउंटरवर माझा शाळेतला केसपेपर अजून निघाला. पत्ता तोच ना, विचारलं.

तोच, म्हटलं.