दंड काळानिळा, खांदा मात्र ठणठणीत

गेल्या हिवाळ्यात तीन महिने दर रविवारी संध्याकाळी आमच्या घरात मलमाचा वास. बायको विचारायची, नक्की खेळायला जातोस की मार खायला? तिचं चूक नव्हतं, कारण उजव्या दंडावर आंब्याएवढा डाग, आधी जांभळा, मग हिरवा, मग पिवळा, आणि तो जरा फिका पडेपर्यंत पुढचा रविवार उगवायचा.

आधी सांगून टाकतो, मी ट्रॅप खेळतो, म्हणजे बाराबोअरच्या बंदुकीने उडत्या मातीच्या थाळ्या फोडायच्या. हे सांगावं लागतं कारण २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळेने ब्राँझ आणल्यापासून पुण्यात नेमबाजी म्हणलं की लोक थेट त्याच्यावरच येतात, आणि येणारच, इथे बालेवाडीत तयार झालेला पोरगा. पण त्याची रायफल, ५० मीटर, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. आमची थाळी ११० मिलिमीटरची, पंधरा मीटरवरच्या खंदकातून निघते आणि कुठे जाईल ते निघेपर्यंत कळत नाही, नेम धरायला वेळच नसतो, बंदूक खांद्याला लावून तयार उभं राहायचं, 'पुल' म्हणायचं, म्हणजे थाळी सोड, आणि जिकडे डोळा जाईल तिकडे नळी गेली पाहिजे.

तर माझी बंदूक सेकंडहँड, एकावर एक अशा दोन नळ्यांची. आधीचे मालक सहा फुटांच्या पुढचे, मी पाच फूट पाच इंच. लायसन्सवर चढवेपर्यंत जे कागद करावे लागले त्या नादात उंचीचा विचार डोक्यातच आला नाही, शर्ट घेताना माप बघतो आपण पण एवढी महागाची वस्तू घेताना नाही, कमाल आहे.

धक्का बसतोय म्हणजे गादी कमी पडतेय, असं मी ठरवलं. इंजिनिअर माणूस, लॉजिक बरोबरच वाटत होतं. बाराशे रुपयांचा रबरी पॅड आणला, मोज्यासारखा दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागावर, चढवायचा. पुढच्या रविवारी डाग डबल! मग शर्टाच्या आत टॉवेलची घडी घातली. अजून वाईट.

आमच्या रेंजवर एक रिटायर्ड सुभेदार येतात, साताऱ्याकडचे, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी बाही वर करायला लावली, डाग बघितला आणि म्हणाले, "आरं, ह्यो दंड काळा झालाय, खांदा न्हाय. दंडावर धरतोस व्हय बंदूक?"

मी म्हणलं, "नाही काका, खांद्यावरच धरतो."

"मग डाग काय चालत गेला का तिकडं?"

इथे माझी ट्यूब पेटली. दस्त्याची लांबी म्हणजे चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. माझ्या बंदुकीचं पावणेपंधरा इंच होतं, मला चौदा-सव्वाचौदा पुरतं. आणि मी वर अर्ध्या इंचाहून जास्त पॅड घातला, त्याच्यावर टॉवेल! इतका लांब दस्ता वर आणताना काखेत अडकतो, मग माणूस नकळत तो बाहेरून फिरवून आणतो आणि तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडाच्या सांध्यावर बसतो. तिथे मांस नाही, हाड आहे. म्हणजे मी जितकी गादी वाढवत होतो तितकी बंदूक खांद्याच्या बाहेर ढकलत होतो, आणि हे सगळं स्वतःच्या पैशाने.

काकांनी मग डाग वाचायला शिकवलं, हे मला सगळ्यात भारी वाटलं. दंडावर डाग, दस्ता लांब. बार काढल्यावर मधल्या बोटाला चापाची कडी लागते किंवा अंगठा नाकावर आपटतो, दस्ता आखूड. (बंदूक लावल्यावर नाक आणि अंगठा यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी.) छातीच्या वरच्या भागात एकच टोचल्यासारखा ठिपका आला तर दस्त्याचं खालचं टोक आधी लागतंय, म्हणजे मागचा तिरकेपणा चुकलाय. आणि गाल सुजला तर लांबी सोडा, वरची कड बघा, जिच्यावर गाल टेकतो, तिला सगळे कोम म्हणतात. कोपरात दस्ता धरून बोट चापापर्यंत पोचतं का बघायची जी जुनी पद्धत आहे ती काकांना अजिबात पटत नाही, कारण मान किती लांब, गाल किती भरलेला हे कोपराला काय माहीत.

लाकूड कापायचं माझ्या जिवावर आलं होतं. अक्रोडाचं लाकूड, एकदा कापलं की गेलं, विकताना किंमतही गेली. बघितलं तर मूळ पॅडच एक इंच जाड होता, दोन स्क्रूवर बसवलेला. तो काढून अर्ध्या इंचाचा बसवून घेतला, झालं सव्वाचौदा. खालचं टोक टोचत होतं म्हणून वरच्या स्क्रूपाशी पॅड आणि लाकडाच्या मधे एक पातळ वॉशर, म्हणजे वरचं टोक जरासं मागे आलं आणि पूर्ण पॅड सपाट टेकायला लागला. वॉशर बोहरी आळीत दोन रुपयांना मिळाले, दुकानदाराने विचारलं कशाला हवेत, मी म्हणलं मिक्सरला. बंदुकीला म्हणलं असतं तर तिथे अर्धा तास गेला असता.

गालाचं काम जास्त चिवट निघालं. शॉटगनला मागचा साइट, म्हणजे नेम धरायची मागची खाच, नसते, तुमचा डोळाच मागचा साइट, त्यामुळे कोम खाली असला की डोळा खाली, आणि मी थाळी दिसावी म्हणून गाल उचलून मारायचो, मग बंदूक उसळून गालावर थप्पड. घरी पडदे लावून (समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी पोलिसांना फोन केला असता), नळी उघडून रिकामी आहे हे दोनदा बघून, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, आरशासमोर उभा राहिलो. डोळे मिटायचे, बंदूक लावायची, डोळे उघडायचे. आरशात माझा अर्धा डोळा नळीच्या मागे लपलेला! चिकटणाऱ्या फेल्टची पट्टी कोमवर लावत गेलो, एक थर, दोन थर, तिसऱ्याला बुबुळ बरोबर नळीवरच्या धातूच्या पट्टीच्या डोक्यावर आलं.

आरशावर पूर्ण विश्वास नको म्हणून रेंजवर मोठा ब्राऊन पेपर लावून पंधरा मीटरवरून एकाच ठिपक्यावर पाच बार काढले. हिशोब सोपा आहे, डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर, कागद त्याच्या पंधरापट दूर, म्हणजे गाल दीड मिलिमीटर वर गेला की छर्‍यांचा पुंजका दोन-अडीच सेंटीमीटर वर. ट्रॅपमध्ये थाळी वर चढत असते म्हणून पुंजका ठिपक्याच्या थोडा वरच हवा. माझा जास्तच वर गेला होता, तिसरा थर सोलून काढला.

रायफलवाल्यांचा मला हेवा वाटतो खरं तर. बालेवाडीला बघा, पोरापोरींच्या रायफलींना गालाचं वेगळं, खांद्याचं वेगळं, सगळं स्क्रूने वरखाली होतं, मॅचच्या आधी पाना घेऊन बसतात. आमच्याकडे अजूनही बरेच जण अंगालाच बंदुकीच्या मापात बसवतात आणि वर सांगतात की सवय होते. सवय कसली, मान वाकडी होते.

थंडी सरली तसा नवा गोंधळ. जाडं जॅकेट गेलं, नुसत्या टी-शर्टवर व्हेस्ट, आणि तीच बंदूक आता किंचित आखूड वाटायला लागली. त्यासाठी पॅडच्या मागे घालायची तीन मिलिमीटरची प्लास्टिकची चकती ठेवलीय, मार्चमध्ये घालायची, डिसेंबरमध्ये काढायची, पंखे पुसतो तसंच. फेल्ट मात्र मे महिन्याच्या घामाने सुटायला लागलंय, वर-खाली होणारा कोम बसवून घ्यायचा विचार आहे, पण त्यासाठी अक्रोडावर करवत चालवावी लागते आणि माझा हात अजून पुढे होत नाही.

डाग मात्र फेब्रुवारीनंतर आला नाही. तो बाराशेचा रबरी पॅड घरच्या शिडीच्या एका पायाला घातलाय, टाइल्सवर आता अजिबात सरकत नाही.