जिमसाठी स्ट्राँगमनचं सामान घेताना

स्ट्राँगमन म्हणजे अवजड वस्तू उचलायचा, वाहून न्यायचा खेळ. आमची इचलकरंजीतली जिम तळमजल्यावर आहे, म्हणून ॲटलस स्टोनचा, म्हणजे उचलायच्या काँक्रीटच्या गोळ्यांचा, विचार तरी करता येतो. तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर दगडांचा नाद सोडा. स्लॅबला तडा गेला तर घरमालक जिमसकट बाहेर काढेल. तिथे सँडबॅगच बरी. वाळू मात्र चाळलेली, खडखडीत वाळलेली हवी.

पहिली खरेदी म्हणाल तर फार्मर्स वॉकचे हँडल. दोन हातांत वजन घेऊन चालायचं. पकड, पाठ, पोटऱ्या, सगळं निघतं. गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या. पकडायचा पाईप साधारण 32 मिमीचा ठेवा आणि त्यावर ऑइलपेंट अजिबात मारू देऊ नका. आमच्याने हौसेने सोनेरी रंग फासला होता. घामाने हात सटकायला लागले, शेवटी पॉलिश पेपरने घासून काढला.

लॉग, म्हणजे डोक्यावर उचलायचा ओंडक्यासारखा जाड दांडा, घेताना रिकाम्याचं वजन आधी विचारा. तो रिकामाच 40 किलोचा असेल तर नवखी पोरं-पोरी त्याच्याकडे फिरकत नाहीत.

स्टोन तयार मागवू नका, वाहतुकीतच कंबरडं मोडतं. साचा घ्या आणि काँक्रीट भरा. 16 इंची साच्यातून अंदाजे 85 किलोचा गोळा निघतो. भरताना साचा बाहेरून ठोकत राहा, नाहीतर आत पोकळ्या राहतात. मग पाणी मारायचं, आणि पूर्ण 28 दिवस कुणालाही हात लावू द्यायचा नाही. पोरं ऐकत नाहीत, गोणपाट घालून झाकून ठेवा.

उलटवायचा मोठा टायर भंगारात मिळतो. तारा बाहेर आलेला नको, आणि पावसाळ्यात आत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास होतात.